माळ्यावरचा हायपो आणि शिरेतून दिलं जाणारं थायोसल्फेट

जळगावहून एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. पत्र्याखालच्या माळ्यावर फोटो पक्के करायच्या हायपोची साधारण वीस किलोंची गोणी पडून आहे, शिवाय वापरलेल्या फिक्सरचे, म्हणजे हायपोच्या द्रावणाचे, दोन कॅन. आई चार वर्षांपासून डायलिसिसवर आहे. तिच्या पायांवर काळपट, हात लावू न देणाऱ्या जखमा झाल्यात. किडनीच्या डॉक्टरांनी ‘कॅल्सिफायलॅक्सिस’ असं निदान करून सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन सांगितलं. ते जवळपास मिळेना, आणि मिळालं तिथला भाव ऐकून घरचे हबकले. मग शोधता शोधता कळलं की सोडियम थायोसल्फेट म्हणजेच हायपो. तर माळ्यावरचा हायपो तोच ना? लॅबमधून तपासून, उकळून, गाळून देता येईल का? आणि नसेल येत, तर त्या गोणीचं करायचं काय? माशांच्या टाकीत टाकतात, शिबांवर लावतात म्हणे, ते खरं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं वाचायला वेळ लागेल. नाही. तो हायपो शिरेतून द्यायचा नाही. तपासून नाही, उकळून नाही, गाळून नाही, ‘थोडासाच देऊन बघू’ म्हणूनही नाही. आता का, ते सांगते.

मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्र शिकून आधी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये चार वर्षं होते, नंतर एमआयडीसीतल्या इंजेक्शनच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये बावीस वर्षं काढली. थायोसल्फेट मी कापडासाठी वापरलंय, ब्युरेटमध्ये भरलंय आणि इंजेक्शनचा कच्चा माल म्हणून पासही केलंय आणि नापासही. आईला औषध द्यायचं की नाही, किती आणि किती दिवस, हे ठरवणं डॉक्टरांचं. वस्तू तीच आहे का, एवढ्यापुरतं मात्र मी खात्रीने बोलू शकते.

‘तोच ना?’ या दोन शब्दांत खरं तर दोन प्रश्न आहेत. रेणू तोच का? हो, अगदी तोच. पोतं तेच का? नाही. लोक इथेच घसरतात, आणि त्यांचा दोष नाही, कारण नावांनीच घोळ घालून ठेवलाय.

‘हायपो’ हे नाव जुनं. १८१९ साली जॉन हर्शेल यांनी या क्षारात चांदीचं क्लोराइड विरघळतं हे नोंदवलं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्याला ‘हायपोसल्फाइट ऑफ सोडा’ म्हणत. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, फोटोग्राफीचा जन्म होत होता आणि सगळ्यांची एकच अडचण होती: चित्र उमटतं, पण उजेडात नेलं की काळं पडतं. हर्शेलनी आपला जुना शोध पुढे केला. न काळवंडलेली चांदी हायपोत विरघळवून धुऊन टाका, उरलं ते कायमचं. तुमच्या वडिलांच्या डार्करूममधली फिक्सरची ट्रे ती हीच. पुढे रसायनशास्त्राने नाव बदललं, पण डार्करूमने नाही बदललं.

आता गंमत अशी की कापडाच्या धंद्यात आणि हॉस्पिटलच्या साफसफाईत ‘हायपो’ म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते ब्लीच. आपला हायपो त्याच्या बरोबर उलट, क्लोरीन मारणारा. इचलकरंजीत पहिल्याच वर्षी हे मी डोळ्यांनी पाहिलं. ब्लीच झालेल्या कापडात क्लोरीन उरू नये म्हणून शेवटी थायोसल्फेटचं पाणी फिरवायचं असतं, त्याला आम्ही अँटिक्लोर म्हणायचो. त्या दिवशी नेहमीचा ऑपरेटर रजेवर. सुपरवायझर ओरडला, “हायपो टाक रे.” नव्या पोराने त्याच्या समजुतीप्रमाणे हायपो टाकला, म्हणजे आणखी ब्लीच. संध्याकाळी ते कापड हातात धरून नुसतं ताणलं की ओल्या कागदासारखं फाटायचं. पोराला बोलणी बसली. माझ्या मते बसायला हवी होती ती सुपरवायझरला. तेव्हापासून मी कुठल्याच बाटलीवर ‘हायपो’ लिहिलं नाही, पूर्ण नाव लिहिलं. त्यात भर म्हणून रंगकामात आणि गुऱ्हाळात जो ‘हायड्रॉस’ वापरतात तो तिसराच, सोडियम हायड्रोसल्फाइट. कुणी सांगितलं म्हणून यातलं एक दुसऱ्याच्या जागी टाकू नका. हॉस्पिटलातला ‘हायपो’ माशांच्या टाकीत गेला तर मासे वाचणार नाहीत.

बरं, हा एकच क्षार फोटोला, कापडाला, पाण्याला, सोन्याला आणि माणसाला कसा काय चालतो? मला तो तीन सवयींचा वाटतो. समोर ऑक्सिडीकरण करणारं काही आलं की हा चटकन इलेक्ट्रॉन देऊन त्याला शांत करतो. काही धातूंना मिठी मारून पाण्यात विरघळवतो. आणि याच्याकडे गंधकाचा एक अणू असा असतो की मागणारा भेटला तर तो देऊन टाकतो. जवळजवळ सगळे उपयोग या तिन्हींत बसतात. तुमच्या आईचा आजार मात्र यात नीट बसत नाही, त्याकडे येतेच.

पहिली सवय सगळ्यात रोजची. प्रयोगशाळेत आयोडीनचं टायट्रेशन केलेल्या कुणालाही आठवेल, स्टार्च टाकल्यावर आलेला गर्द निळा रंग थायोसल्फेटच्या शेवटच्या थेंबासरशी नाहीसा होतो. टीसीएल म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन किती शिल्लक आहे, विहिरीच्या पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय, हे मोजणं याच थेंबावर चालतं. पाण्याचे नमुने जंतूंच्या तपासणीला पाठवताना निर्जंतुक बाटलीत आधीच थोडं थायोसल्फेट घातलेलं असतं. साधारण १२० मिलीच्या बाटलीत दहा टक्के द्रावणाचा ०.१ मिली. का? नळाच्या पाण्यातला क्लोरीन प्रवासातही जंतू मारत राहतो. तो तिथल्या तिथे थांबवला नाही तर लॅबमध्ये पोचेपर्यंत घाण पाणीही ‘शुद्ध’ ठरतं. बाटली धुऊन नमुना भरणारे उत्साही लोक मी पाहिलेत. ते पाणी नाही, अहवाल धुऊन टाकतात.

दुसऱ्या सवयीतली चांदी वर आली. सोन्याच्या खाणींतही सायनाइडऐवजी थायोसल्फेट वापरायची धडपड खूप वर्षं चालली. अमेरिकेत नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीत २०१४ पासून ते प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, तिथे कॅल्शियमचं थायोसल्फेट वापरतात. वैद्यकात हीच सवय कामी येते ती सिस्प्लॅटिनच्या बाबतीत. कर्करोगाचं हे औषध प्लॅटिनमचं, त्याने लहान मुलांची श्रवणशक्ती जाऊ शकते. थायोसल्फेट त्या प्लॅटिनमला बांधून निकामी करतं. पण लगेच दिलं तर कर्करोगावरचा परिणामही निकामी होईल, म्हणून ते सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी देतात. यकृताच्या विशिष्ट कर्करोगाच्या मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: नुसत्या सिस्प्लॅटिनवर ६३ टक्के मुलांना ऐकण्याचा त्रास झाला, थायोसल्फेट मिळालेल्यांत ३३ टक्क्यांना. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत या कामासाठी त्याला मान्यता मिळाली. हे सविस्तर सांगतेय ते एवढ्यासाठी की इथे वेळ चुकली तर तोच रेणू औषधाचा शत्रू होतो. ‘साधं रसायन आहे, काय होतंय’ हा विचार वैद्यकात का चालत नाही, ते यावरून कळावं.

तिसरी सवय गंधक देण्याची. सायनाइड शरीरात गेलं की पेशींचा श्वास तोडतं. आपल्या यकृतात ऱ्होडानीज नावाचं विकर आहे, ते सायनाइडला गंधक चिकटवून थायोसायनेट बनवतं. हे बरंच कमी विषारी, आणि मूत्रावाटे बाहेर जाणारं. विकर भरपूर असतं, अपुरं पडतं ते गंधक. थायोसल्फेट तेच पुरवतं. मोठ्या माणसाला १२.५ ग्रॅम, म्हणजे २५ टक्के द्रावणाचे ५० मिली, शिरेतून हळूहळू. ते पेशीच्या आत शिरायला वेळ लावतं, म्हणून पूर्वीपासून आधी सोडियम नायट्राइट आणि मग थायोसल्फेट अशी जोडी देतात.

आपल्या देशात थायोसल्फेटचं नाव वर्तमानपत्रांत आलं ते भोपाळमुळे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र, युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू. वाचलेल्यांच्या शरीरात सायनाइडचाही अंश आहे का, आणि थायोसल्फेट द्यावं का, यावर डॉक्टरांत, सरकारात आणि कंपनीच्या बाजूने प्रचंड वाद झाला. आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, चाचणी केली, इंजेक्शननंतर लघवीत थायोसायनेट वाढतं असं दिसलं, आणि १९८५ मध्ये ते देण्याच्या सूचनाही निघाल्या. तरी ते सगळ्या गरजूंपर्यंत पोचलं नाहीच. माझे एक वरिष्ठ म्हणायचे, औषध स्वस्त असलं की त्याच्यासाठी भांडायला कुणी नसतं. ते पूर्ण खरं आहे असं मी म्हणत नाही, पण तुम्हाला आज ते इंजेक्शन का मिळत नाही त्याचं अर्धं उत्तर त्यात आहे. कमी खपाचं औषध, थोडे उत्पादक, आणि दुकानदाराला ठेवायला परवडत नाही. पावडर स्वस्त असते. महाग असतं ते तिला शिरेत जाण्यालायक करणं.

आता आईचा आजार. कॅल्सिफायलॅक्सिसमध्ये कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, त्या बुजतात, वरची कातडी मरते. थायोसल्फेट यात नेमकं काय करतं, यावर एकमत नाही. आधी म्हणायचे, कॅल्शियमला पकडून विरघळवतं. पण ते चांदीला धरतं तसं कॅल्शियमला घट्ट धरत नाही, हे कुणीही रसायनवाला सांगेल. काहींच्या मते रक्तवाहिन्यांची सूज आणि ऑक्सिडीकरण कमी होतं म्हणून वेदना उतरते. वापर २००४ च्या आसपासच्या एका रुग्णाच्या अहवालापासून वाढत गेला. पुष्कळ डॉक्टरांना वेदना कमी झाल्याचा अनुभव आहे. मात्र सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा जखमा भरणं किंवा आयुष्य वाढणं, यात ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. म्हणजे हे औषध मिळालं नाही तर सगळं संपलं, असं समजू नका. फॉस्फरस आणि कॅल्शियम आटोक्यात आणणं, डायलिसिस वाढवणं, जखमेची निगा, वेदनाशामकं, आणि आई वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेत असेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं, हे उपचार थायोसल्फेटवर अडून राहत नाहीत. वॉरफरिन आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

नेहमीचा डोस २५ ग्रॅम, डायलिसिसच्या शेवटच्या तासात, आठवड्यातून तीनदा. हा आकडा बघा. बहुतेक इंजेक्शनं मिलिग्रॅममध्ये असतात. इथे आठवड्याला ७५ ग्रॅम, महिन्याला तीनशेच्या पुढे. आणि इथेच तुमच्या गोणीचा प्रश्न सुटतो.

समजा गोणीतल्या हायपोत शिसं किंवा तत्सम जड धातू दहा लाखांत दहा भाग आहेत. फोटोच्या कामाला हे काहीच नाही. पण २५ ग्रॅममध्ये ते अडीचशे मायक्रोग्रॅम होतात, थेट रक्तात, आठवड्यातून तीनदा, आणि ज्या बाईच्या किडन्या बंद आहेत तिच्या. पोटातून गेलं असतं तर आतड्यांनी बरंचसं अडवलं असतं. शिरेला दार नसतं.

दुसरी गोष्ट एंडोटॉक्सिनची, आणि ही बहुतेकांना माहीतच नसते. ओलावा लागलेल्या कुठल्याही मालात जंतू वाढून मरतात, त्यांच्या कवचाचे तुकडे उरतात. हे तुकडे शिरेत गेले तर थंडी वाजून ताप, रक्तदाब ढासळणं, वाईटात वाईट म्हणजे धक्का बसून मृत्यू. तुम्ही म्हणता उकळू. उकळून जंतू मरतील, कवचाचे तुकडे तसेच राहतील. काचेच्या कुप्यांवरून ते घालवायला आम्ही अडीचशे अंशांवर अर्धा तास भट्टी चालवायचो. तुम्ही म्हणता गाळू. जंतू अडवणाऱ्या अतिसूक्ष्म गाळणीतूनही हे तुकडे सरळ पार होतात. हिशेब असा असतो की शरीराच्या प्रत्येक किलोमागे तासाला पाच एककांच्या वर एंडोटॉक्सिन जाता कामा नये. पन्नास किलोच्या आईला एका तासात २५ ग्रॅम द्यायचे तर प्रत्येक ग्रॅममध्ये दहा एककांच्या आत. एवढं काटेकोर माळ्यावरच्या गोणीत सापडणार नाही.

तिसरी, ‘लॅबमधून तपासून’. गावातली लॅब आयोडीनचं टायट्रेशन करेल आणि कागदावर लिहून देईल ९९ टक्के. आकडा बहुधा खराच असेल. पण ते टायट्रेशन एवढंच सांगतं की आयोडीन खाणारं काहीतरी यात एवढं आहे. जुन्या मालात सल्फाइट असेल तर तेही आयोडीन खातं आणि आकडा फुगवतं. उरलेला एक टक्का काय आहे, यावर ते अवाक्षर काढत नाही. आमच्याकडे एकदा एक लॉट आला होता, पांढराशुभ्र, टपोरे स्फटिक, ॲसे म्हणजे शुद्धतेची टक्केवारी उत्तम. एंडोटॉक्सिनमध्ये नापास. पुरवठादार फोनवर भांडत होता की मॅडम, एवढा स्वच्छ माल कुठे मिळेल? दिसायला तो आमच्या पास झालेल्या मालापेक्षा स्वच्छ होता, हे मी नाकारलं नाही. परत मात्र पाठवला.

तुमची गोणी तर मुळातच फोटोच्या दर्जाची, आणि त्यात पंधरा उन्हाळे पत्र्याखाली. तुम्ही लिहिलंय की पावडर होती ती आता दगड झालीय. बरोबर आहे. या क्षाराच्या स्फटिकात पाच रेणू पाणी धरलेलं असतं, आणि ४८ अंशांवर तो आपल्याच पाण्यात विरघळून पातळ होतो. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली ४८ म्हणजे काहीच नाही. दर उन्हाळ्यात वितळला असेल आणि नंतर थिजला असेल, गोणीचे धागे, धूळ, पालीची विष्ठा असं सगळं पोटात घेऊन. त्यात कुठे पिवळट थर दिसला तर ते सुटलेलं गंधक.

थोडक्यात इथपर्यंत: रेणू एक, पण इंजेक्शन म्हणून विकत मिळतं ते त्या रेणूबरोबर काय काय नाही याची हमी असते. गोणीत ती हमी नाही, आणि घरी किंवा साध्या लॅबमध्ये ती तयार करता येत नाही.

मग आईसाठी काय करता येईल? दुकानं फिरू नका. डायलिसिस जिथे होतं त्या हॉस्पिटलच्या फार्मसीला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, त्यावर एकूण किती आठवड्यांचा कोर्स लागेल ते लिहून घ्या. एकदोन कुप्या मागणाऱ्याला वितरक दाद देत नाही, महिन्याची ऑर्डर दिसली की देतो. मेडिकल कॉलेजच्या किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या फार्मसीत सायनाइडवरचा उतारा म्हणून साठा असू शकतो, तुमच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलणं सगळ्यात लवकर काम करतं. डॉक्टरांना हेही विचारा: हे औषध शिरेऐवजी लहान जखमेत कडेने टोचून चालेल का? असा वापरही काही ठिकाणी होतो आणि औषध कमी लागतं. तुमच्या आईच्या जखमा किती आणि कुठे, यावर ते अवलंबून. कुपी मिळाली की लेबलवर टक्केवारी बघा. १० टक्के आणि २५ टक्के यांत लोक गोंधळतात, आणि २५ ग्रॅम भरायला पहिल्याच्या अडीचशे मिली लागतात, दुसऱ्याच्या शंभर. डायलिसिसच्या माणसाला एवढं जादा पाणी हाही डॉक्टरांनी धरायचा हिशेब आहे. मळमळ, उलटी, रक्तदाब उतरणं, रक्त आम्लधर्मी होणं हे ठाऊक असलेले त्रास आहेत. पहिल्या दोनचार वेळा आईला काय होतंय ते वहीत लिहून ठेवा.

आता गोणी.

माशांची टाकी चालेल, दगड धुऊन घेतलात तर. नळाच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर हजार लिटरला सात ग्रॅम हायपो पुरून उरतो. कागदावरचं गणित याहून बरंच कमी सांगतं, पण साध्या पाण्यात ती क्रिया शेवटापर्यंत जात नाही, म्हणून सातपट धरायचं. मुठीने टाकू नका. माशांना तो तसा विषारी नाही, पण उरलेला हायपो जंतू खातात, त्याचं आम्ल करतात, आणि टाकीचा सामू हळूहळू घसरतो. वीस किलो असे संपायला मात्र तुम्हाला तलाव लागेल.

पिण्याच्या टाकीत अजिबात नको, जरी टीसीएलचा वास नको वाटला तरी. तो थोडासा क्लोरीन, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, तुमच्या नळापर्यंत पाणी राखायलाच ठेवलेला असतो. ग्रामपंचायतीचा माणूस ओटी, म्हणजे क्लोरीन तपासायचं ऑर्थोटोलिडीन, टाकून पिवळा रंग बघतो तो याचसाठी.

शिबांचं खरं आहे. जुने त्वचारोगतज्ज्ञ वीस टक्के हायपोचं पाणी दिवसातून दोनदा लावायला सांगायचे, ती बुरशी त्याने जाते. गंधकाचा वास येतो, पांढरे डाग मावळायला महिने लागतात, आणि लोक मधेच सोडतात. आता चांगली मलमं आहेत, तीही महाग नाहीत. कातडीवर लावायचं असलं तरी माळ्यावरचा दगड नको, औषधाच्या दुकानातून घ्या. आईच्या जखमांवर तर काहीच लावू नका, हे वेगळं सांगते कारण कुणीतरी सुचवणारच.

हायपोवर ॲसिड पडू देऊ नका, बाथरूम साफ करायचंसुद्धा नाही. दुधासारखं पांढरं होतं आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो, दमेकऱ्याला तो पुरेसा आहे. कोरड्या टीसीएल पावडरीबरोबर एका डब्यात ठेवू नका.

वापरलेल्या फिक्सरचे कॅन ही गोष्ट वेगळी. त्यात तुमच्या वडिलांनी धुतलेल्या प्रत्येक फोटोची चांदी आहे, थायोसल्फेटने धरून ठेवलेली. गटारात ओतू नका, विहिरीजवळ तर नाहीच. एक्स-रे सेंटरांचा जुना फिक्सर आणि फिल्म विकत घेणारे लोक अजून आहेत, जवळच्या जुन्या एक्स-रेवाल्याला विचारा, त्याच्याकडे नंबर असतो. पैसे फार येणार नाहीत. कॅनमध्ये तळाशी काळा गाळ दिसला तर तो चांदीचा सल्फाइड आहे, तो टाकून फक्त वरचं पाणी देऊ नका.

उरलेल्या दगडातले दोनतीन किलो जवळच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना द्या, पूर्ण नावाचं लेबल लावून. त्यांना म्हणावं, स्वच्छ तुकडे चंचुपात्रात घेऊन ते पात्र गरम पाण्यात ठेवून वितळवा, झाकून न हलवता गार होऊ द्या. खोलीच्या तापमानाला आलं तरी पातळच राहतं. मग हायपोचा एक कण वरून टाका. कण पडला तिथून सुया फुटत सगळं पात्र थिजतं, आणि बाहेरून हात लावला तर चांगलं गरम लागतं.